तू काढलेला आईचा चेहरा

ताई,

काल भाऊजींनी गराज उघडलं. तू गेल्यापासून तीन आठवडे ते दार बंदच होतं. आत तुझ्या चित्रांच्या चारकोलची बारीक काळी पूड सगळीकडे तशीच होती, वॉशिंग मशीनवर, तुझ्या ईशाच्या जुन्या सायकलच्या सीटवर, दिव्याच्या बटणावर. भाऊजींनी पुसायला फडकं आणलं होतं. त्यांनी मशीनवरून एकदा बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि फडकं तसंच हातात घेऊन घरात निघून गेले. मग मीही काही पुसलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मेधावर लिहून दे, असा कुलकर्णी काकूंचा मेसेज आलाय. जन्म, शिक्षण, प्रदर्शनं, असं सगळं त्यांना हवंय. ते भाऊजी देतील. मला तुझ्याशी अर्धवट राहिलेलं बोलायचंय, आणि ते बोलायला दुसरं कुणी नाही.

तू लग्न होऊन सनीव्हेलला आलीस तेव्हा मी नागपुरात बारावीचे क्लास करत होते. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही हे आम्हाला माहीत होतं, पण म्हणजे रोज नेमकं काय होतं, ते तुझ्या फोनवरून हळूहळू कळत गेलं. पहिल्या वर्षी तू खूप बोलायचीस. दुसऱ्या वर्षी “तुमचं सांगा” म्हणायला लागलीस. दिवसभर काय करतेस, असं आईनं एकदा विचारलं तर म्हणालीस, चालत स्टेशनवर जाते आणि कॅलट्रेनच्या गाड्या बघत बसते. इंजिनियरिंगला कॉलेजात दुसरी आलेली तू. आईला वाटलं, गंमत करतेय. मीही हसले होते.

मग एका रविवारी तुझा आवाजच वेगळा आला. लायब्ररीच्या बोर्डावर तुला हातानं लिहिलेला एक कागद सापडला होता. पोर्ट्रेट शिकवतो, रशियन पद्धत. “अनू, मला एक म्हातारा भेटलाय,” तू म्हणालीस. “तो आधी नुसतं बघायला शिकवतो.”

तो म्हातारा म्हणजे अर्कादी. पहिल्या महिन्यातच तू त्यांना अर्कादी काका म्हणायला लागलीस आणि त्यांनी त्या ‘काका’चा अर्थही विचारून घेतला. लेनिनग्राडमध्ये असताना ते बड्या घरच्या बायकांची चित्रं काढायचे. मंत्र्यांच्या बायका, जनरलांच्या बायका, ऑपेरात गाणाऱ्या. मुलीच्या मागोमाग अमेरिकेत आले आणि सांता क्लाराच्या दोन खोल्यांत तेच करत राहिले, फक्त आता समोर कंपन्या काढलेल्या लोकांच्या बायका असायच्या. पहिला तासभर ते कागदाला हात लावायचे नाहीत. लिंबू पिळलेला काळा चहा द्यायचे, गप्पा मारायचे आणि बघत राहायचे. मग राखाडी कागदावर आधी डोळे. डोळे पुरे झाल्याशिवाय नाक नाही. चेहरा घासून घासून मोत्यासारखा मऊ, आणि कपडे मात्र दहा-बारा फटकाऱ्यांत. शाल कुठे संपली आणि कोरा कागद कुठे सुरू झाला, ते कळू नये. मान खऱ्यापेक्षा बोटभर उंच, खांदे सैल, डोळे किंचित मोठे आणि ओलसर. त्यांनी काढलेली प्रत्येक बाई आत्ताच कुणीतरी चांगली बातमी सांगितल्यासारखी दिसायची.

हे नवऱ्यांना खूश करणं झालं, असं तूच त्यांना पहिल्या वर्षी म्हणाली होतीस. ते चिडले नाहीत. नवऱ्यांना ते आवडायचं, हे त्यांनी कबूल केलं. पण त्या दिवसांत बायका येऊन बसायच्या त्या घाबरलेल्या असायच्या, असं त्यांनी तुला सांगितलं. कुणीतरी काहीही न मागता आपल्याकडे इतका वेळ बघतंय, याची त्यांना सवय नसायची. तिसऱ्या तासाला भीती उतरायची आणि मान आपोआप वर यायची. मी तिसऱ्या तासाची मान काढतो, असं ते म्हणायचे. हे तू मला फोनवर इतक्या वेळा ऐकवलंस, की मी त्यांना भेटण्याआधीच त्यांना कंटाळले होते.

मी एमएसला सॅन होजेला आले तोवर क्युपर्टिनो ते फ्रीमाँट दर दुसऱ्या मराठी घरात तू काढलेलं चित्र होतं. अर्कादी काकांच्या शालीच्या जागी तू पैठणी आणली होतीस, सगळा काठ पाच रेघांत आणि नथीचा मोती म्हणजे खडूचा एकच पांढरा ठिपका. कुलकर्णी काकूंचं चित्र त्यांच्या हॉलमध्ये लागलं त्या दिवशी काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, “लग्नाला पस्तीस वर्षं झाली. ही बाई कोण ते मला माहीत नाही, पण बरी वाटतेय.” काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जेवणं चालू असताना मात्र त्या दोनदा उठून चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ते तू बघितलंस. मी तेव्हा फोनवर होते.

परत येताना गाडीत मी म्हणाले, “तुझ्या चित्रांत सगळ्यांना एकच मान आहे. कुलकर्णी काकूंना मुळात मान आहे कुठे?” तू इतकी हसलीस की एल कामिनो रस्त्यावर गाडी कडेला घ्यावी लागली. मग तू म्हणालीस की मी चिपकडे बघते तशी माणसांकडे बघते, कुठे फेल होतंय तेवढंच शोधते. माझं कामच ते होतं, आहे. चिप बाजारात जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधायच्या. कुणीतरी शोधायलाच हव्यात, असं मी म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं हा आपला खेळ होता. नवीन चित्र झालं की तू मला बोलवायचीस आणि मी काय म्हणते याची वाट बघत उभी राहायचीस. मला तो मान वाटायचा. तसं मी तुला कधी म्हटलं नाही.

आईला अर्धांगाचा झटका आला, त्याच्या दुसऱ्या वर्षी आपण तिला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. बाबा नव्हतेच, ती नागपूरच्या घरात एकटी होती. एअरपोर्टवर व्हीलचेअरमधून ती बाहेर आली. डावा गाल उतरलेला, डावा डोळा अर्धा मिटलेला, ओठाचा कोपरा खाली ओढलेला. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी फोन उजवीकडून धरायची, ते का हे मला तेव्हा कळलं. मी तिला मिठी मारली आणि लगेच बॅगा मोजायला लागले.

तुझ्या घरी ती पदर डाव्या गालावर धरून बसायची, दाढ दुखत असल्यासारखी. ईशाच्या मैत्रिणी आल्या की आत जायची. मी दर शनिवारी सांता क्लाराहून यायचे. तिच्या गोळ्यांचे डबे भरले, फिजिओथेरपीच्या अपॉइंटमेंट घेतल्या, तिच्यासाठी उंच कमोड शोधून आणला. मला वाटत होतं, मी सगळं करतेय.

तू तिला चित्रासाठी बसवलंस. ईशाला शाळेत सोडून आलीस की गराजमध्ये तू आणि आई. असे अकरा दिवस. अकरावा दिवस शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी शनिवारी मी आले. तू मला गराजमध्ये नेलंस आणि चित्रावरचा कागद उचललास.

दोन्ही गाल सारखे होते. ओठ सरळ. मान उंच, हनुवटी जराशी वर, जांभळ्या नारायणपेठीच्या चार रेघा खांद्यावरून खाली येऊन कागदात विरलेल्या. आपण शाळेत असताना गॅदरिंगला यायची तशी आई. तू नेहमीसारखी माझ्याकडे बघत उभी होतीस.

मी म्हणाले, “ही आपली आई नाही. आता ती जशी आहे तशी तुला नकोय.” तू चित्रावरच्या कागदाची घडी घालत राहिलीस. म्हणून मी पुढचं बोलले. “तुला तिची लाज वाटते.”

ते खरं नव्हतं. तुला लागावं म्हणून मी ते बोलले. मधलं दार उघडं होतं आणि आई हॉलमध्ये टीव्हीसमोर बसली होती.

तू चिंधीनं एकेक बोट पुसलंस. आवाज न चढवता मला विचारलंस, “अनू, ती आल्यापासून तू तिच्या तोंडाकडे किती वेळ बघितलंयस?”

मी किल्ल्या उचलल्या आणि निघाले. रस्ताभर मी आठवत होते. एअरपोर्टवर मी बॅगांकडे बघत होते. भरवताना चमच्याकडे. ती बोलायची तेव्हा फोनकडे. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा डॉक्टरांच्या स्क्रीनकडे. घरी पोचले तरी एकही वेळ आठवेना. तू ते सगळं बघत होतीस आणि तीन महिने गप्प होतीस. मला राग आला तो त्याचा.

नंतर आपण बोललो नाही असं नाही. रोजच बोलत होतो. दिवाळी, ईशाचं ड्रायव्हिंग, आईचं तिकीट, माझं ग्रीन कार्ड, सगळं बोललो. फक्त नवीन चित्र झालं की तू मला बोलवेनाशी झालीस आणि मी विचारेनाशी झाले. आई परत गेली तेव्हा दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून ते चित्र घेऊन गेली. दोन वर्षांनी ती गेल्याचा फोन आला. आपण दोघी एकाच विमानात होतो. समुद्रावरून जाताना तू माझा हात हातात घेतलास आणि तो नागपूरपर्यंत सोडला नाहीस. तेव्हाही मी त्या शनिवारबद्दल बोलू शकले असते.

मग मागच्या पानगळीत तुझं पोट दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून महिना गेला आणि मग स्वादुपिंडाचं निघालं. मी ऑफिसमधून घरून काम करायची परवानगी घेतली आणि तुझ्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला. पहिला आठवडा मी पुन्हा तेच केलं, गोळ्यांचे डबे, कॅलेंडर, इन्शुरन्सचे फोन. पण केमोच्या खोलीत काही करायला नसतं. चार-चार तास तू समोरच्या खुर्चीत आणि मी या खुर्चीत. फोनची बॅटरीही संपायची. तिथे मी तुझ्याकडे बघायला लागले. सुरुवातीला जमत नव्हतं, नजर आपोआप सलाइनच्या पिशवीकडे जायची. मग जमायला लागलं. भुवया गेल्या होत्या. डोळ्यांत पिवळसर झाक आली होती. उजव्या कानाच्या खाली तुला एक तीळ आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. झोपेत तू खालचा ओठ आईसारखा आत ओढायचीस.

एकदा तू अचानक डोळे उघडलेस आणि मी पकडले गेले.

“कशी दिसतेय?” तू विचारलंस.

“छान दिसतेस.”

दम पुरला तेवढी तू हसलीस. “झालं. आता तूही माना लांब करायला लागलीस.”

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात नर्स पिशवी बदलायला आली आणि तू परत झोपलीस. मी बरं वाटावं म्हणून बोलले, असं तुला वाटलं. ताई, मी खोटं बोलले नव्हते. तीन तास बघितल्यावर मला तू छान दिसत होतीस. त्या राखाडी ब्लँकेटमध्ये, भुवया नसलेली. हे मी तुला घरी जाताना गाडीत सांगायला हवं होतं. गाडीत मी पुढच्या अपॉइंटमेंटबद्दल बोलले.

तू गेलीस तो दिवस मला लिहिता येत नाही. घरीच होतीस, आम्ही तिघं होतो, एवढंच. तिसऱ्या दिवशी फ्युनरल होममध्ये लोक यायच्या आधी त्यांनी घरच्यांना आत बोलावलं. भाऊजी दारातच थांबले. मी आणि ईशा पुढे गेलो. तिथल्या बाईनं तुझ्या लायसन्सवरच्या फोटोवरून तुला तयार केलं होतं. गाल गुलाबी, ओठ लाल, भुवया पेन्सिलनं काढलेल्या. तिनं मनापासून केलं होतं. ईशानं एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं.

“मावशी, दॅट्स नॉट माय मॉम.”

माझंच वाक्य होतं ते. फक्त इंग्रजीत.

मी त्या बाईकडे कोमट पाणी आणि मऊ कापड मागितलं. ती आधी बिचकली, मग घेऊन आली. मी तुझे ओठ पुसले, मग गाल. ईशा पाठ करून उभी होती. मी तिला बोलावलं नाही. थोड्या वेळानं तीच आली, माझ्या हातातलं कापड घेतलं आणि तुझं कपाळ पुसलं, सावकाश, केसांच्या कडेपर्यंत. खालून तुझा खरा रंग आला, पिवळट आणि थकलेला. ईशा तुझ्याकडे बघत राहिली. “हां,” ती म्हणाली. “ओके.” आणि मग ती रडली.

त्या बाईनं तुला कधी पाहिलं नव्हतं. ती तरी काय करणार? तू आईसमोर अकरा दिवस बसली होतीस. आईच्या चेहऱ्यातलं काय कुठून सुटून कुठे आलंय ते तू बघितलंस आणि एकेक गोष्ट उचलून जागेवर ठेवलीस. ते लाज वाटणाऱ्या माणसाचं काम नव्हतं. हे मला ओल्या कापडानं तुझं तोंड पुसताना कळलं.

अर्कादी काका आले. आता नव्वदीला टेकलेत, मुलीच्या हाताला धरून चालतात. त्यांनी खुर्ची मागितली आणि तुझ्याजवळ बसले. लोक येत होते, फुलं ठेवत होते, त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जात होते. काका काठीवर दोन्ही हात ठेवून तुझ्याकडे बघत होते. तासभर तरी बसले असतील. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या तुटक इंग्रजीत सांगितलं की इतक्या शिष्यांमध्ये तुलाच त्यांनी कधी चित्राला बसवलं नाही. रोजची येणारी, कधीही काढता येईल, असं त्यांना वाटत राहिलं. मग त्यांनी विचारलं, माना लांब आहेत म्हणणारी बहीण ती तूच का? मी हो म्हणाले. ते म्हणाले, तुझ्यामुळे मान काढण्याआधी ती पेन्सिलनं दोनदा मोजायची. मी ओरडायचो, मोजू नको, हात मोकळा सोड. तरी मोजायची.

हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

आता माझं राहिलेलं.

आई इथून गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी दहा दिवस नागपूरला गेले होते. तुला ईशाच्या परीक्षांमुळे जमलं नव्हतं. ते चित्र आईनं हॉलमध्ये दिवाणासमोर लावलं होतं. मी दहाही दिवस त्याच्याकडे पाठ करून बसले. शेवटच्या दिवशी दुपारी तिनंच विषय काढला. त्या शनिवारचं तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावली नाही. तिचे शब्द सावकाश आणि अडखळत यायचे, ते समजून घ्यायला तिच्या ओठांकडे बघावंच लागायचं, म्हणून मी बघत होते.

“पहिल्या दिवशी मी पदर धरूनच बसले,” ती म्हणाली. “काढ असं ती बोलली नाही. चौथ्या दिवशी हात भरून आला म्हणून सोडला, तर ती तशीच बघत राहिली. तुझ्या लहानपणचं काहीतरी सांगत होती. मग मी परत धरलाच नाही गं.”

पुढे ती म्हणाली, “चित्र माझ्यासारखं आहे का नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण झटका आल्यापासून तेवढेच दिवस मी चारचौघींसारखी बसले होते. मेधाला सांग. फोनवर मला धड बोलता येत नाही आणि ती लगेच रडायला लागते.”

मी सांगते म्हणाले.

परत आले आणि सांगितलं नाही. आधी वाटलं, सांगितलं तर मी हरले असं होईल. असं करत आईच गेली, आणि मग, इतके दिवस का नाही सांगितलंस, असं तू विचारशील याची भीती वाटायला लागली. केमोच्या खोलीत तीनदा तरी अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हा वाटलं, आत्ता हे बोलले तर ही आपला निरोप घेतेय, असं तुला वाटेल. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

आईनं सांगितलेलं इतकंच होतं, ताई. सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.